पुठ्ठ्यावर उरलेला संघ



आज घरी गेल्यावर आईबाबांना किंवा काका-मामांना एक प्रश्न विचारा. "लहानपणी बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे तुम्ही जमवली होती का?" १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास जे शाळेत होते, त्यांच्यापैकी बरेच जण हसून "हो" म्हणतील. त्या चित्रांवर धावा किंवा बळी छापलेले असत. ठरावीक धावा जमल्या की बक्षीस मिळे, म्हणून मधल्या सुटीत चित्रांची अदलाबदल चाले. पुढे ती चित्रे कुठे गेली, हे विचारलेत तर मात्र फारसे कुणाला सांगता येणार नाही.

या छंदाचे मूळ अमेरिकेत, बेसबॉलच्या कार्डांत आहे. तिथे तो दीडशे वर्षांहून जुना आहे. या लेखात ही कार्डे कशी निघाली ते पाहू, ब्रुकलिन डॉजर्स नावाच्या एका संघाचा इतिहास त्यांनी कसा जपला ते पाहू आणि शेवटी आपल्या इंदूरच्याच एका संघाकडे येऊ.

कार्ड म्हणजे काय?

बेसबॉलचे कार्ड म्हणजे पुठ्ठ्याचा एक लहान तुकडा. १९५७ पासून त्याचे माप बहुधा अडीच बाय साडेतीन इंच असते, म्हणजे साधारण पत्त्यांच्या कॅटातल्या एका पानाएवढे. पुढच्या बाजूला खेळाडूचे चित्र, नाव आणि संघ. मागच्या बाजूला त्याची उंची, वजन, जन्मगाव, खेळातले आकडे आणि दोन-चार ओळींची माहिती. प्रत्येक कार्डाला क्रमांक असतो. एका वर्षाची सर्व क्रमांकांची कार्डे जमली की त्याला संच पूर्ण झाला असे म्हणतात.

सुरुवातीला ही कार्डे जाहिरातीसाठी निघाली. सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे पगारी खेळाडू ठेवणारा पहिला संघ. १८६९ साली खेळाचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानाने या संघाचे छायाचित्र कार्डावर छापले आणि मागे आपल्या दुकानाची जाहिरात केली. म्हणजे अगदी आरंभीच्या कार्डांपैकी एक कार्ड संपूर्ण संघाचे होते.

१८८० नंतर सिगारेट कंपन्या पुढे आल्या. सिगारेटचे पाकीट मऊ असे. ते चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत, आणि त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट घेई. त्या काळी कॅमेऱ्यात वेगाने हलणारी वस्तू नीट येत नसे. म्हणून खेळाडूला स्टुडिओत उभे करून चेंडू दोरीने वरून टांगत आणि तो झेल घेत असल्याचे चित्र काढत. काही कार्डांत ती दोरीसुद्धा दिसते!

१९३३ साली बॉस्टनच्या गाउडी कंपनीने च्युइंगमबरोबर २४० क्रमांकांचा संच काढला, पण १०६ क्रमांकाचे कार्ड छापलेच नाही. मुले ते शोधत पाकिटांवर पाकिटे घेत राहिली. शेवटी तक्रारीची पत्रे आली आणि १९३४ साली कंपनीला ते कार्ड छापून पाठवावे लागले. ते नॅप लाजवे या जुन्या खेळाडूचे होते. मुलांचा छंद आणि दुकानदाराचा हिशेब यांची जोडी किती जुनी आहे, हे यावरून कळते.

ब्रुकलिनच्या स्वयंपाकघरातील टेबल

न्यूयॉर्क शहराचा ब्रुकलिन हा एक मोठा भाग. तिथे टॉप्स नावाची च्युइंगम कंपनी होती. कंपनीतील साय बर्जर यांनी आपल्या ब्रुकलिनच्या घरी, स्वयंपाकघरातील टेबलावर, वुडी गेलमन यांच्या मदतीने १९५२ च्या संचाचा आराखडा केला. पुठ्ठा कापून, चिकटवून त्यांनी नमुने तयार केले. खेळाडूचे रंगीत चित्र, त्याची सही, संघाचे बोधचिन्ह आणि मागे आकड्यांचा तक्ता. तो संच ४०७ कार्डांचा होता. पुढे जगभर निघालेल्या खेळाडूंच्या कार्डांवर या आराखड्याची छाप दिसते.

त्या संचातील पहिल्या क्रमांकाचे कार्ड ब्रुकलिन डॉजर्सच्या अँडी पॅफ्को याचे. आज त्याचे चांगल्या स्थितीतले कार्ड मिळणे फार अवघड आहे, आणि त्याचे कारण मजेशीर आहे. मुले कार्डे क्रमाने लावून त्यांवर रबरबँड चढवत. सर्वांत वरचे कार्ड पॅफ्कोचे, म्हणून रबरबँडचे वळ त्याच्यावर उमटले, कोपरे त्याचेच झिजले.

याच संचातील ३११ ते ४०७ क्रमांकांची कार्डे हंगाम संपत आल्यावर बाजारात आली. मुलांचे लक्ष दुसऱ्या खेळाकडे वळले होते आणि माल पडून राहिला. बर्जर यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, १९६० साली गोदाम रिकामे करताना त्यांनी त्या पेट्या कचरा वाहणाऱ्या बोटीतून नेऊन अटलांटिक महासागरात बुडवल्या. त्या गठ्ठ्यांत मिकी मँटल याचे ३११ क्रमांकाचे कार्ड होते. त्या कार्डाची एक उत्तम प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. खेळाडूच्या कार्डासाठी तोवर मोजलेली ती सर्वांत मोठी रक्कम होती.

हरत हरत जिंकलेला संघ

आता डॉजर्सची गोष्ट ऐका. ब्रुकलिनच्या लोकांचा आपल्या संघावर फार जीव. १९१३ साली उघडलेले एबेट्स फील्ड हे त्यांचे मैदान लहान होते. प्रेक्षक खेळाडूंच्या इतके जवळ बसत की हाक मारली तर ऐकू जाई. पण वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकेतील वर्षाच्या अंतिम लढतीत, हा संघ हरत असे. १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशी पाच वेळा ब्रुकलिन अंतिम लढतीत पोहोचले आणि पाचही वेळा न्यूयॉर्क यांकीज या एकाच संघाकडून हरले. "पुढच्या वर्षी बघू!" हे ब्रुकलिनकरांचे पालुपदच झाले होते.

अखेर ४ ऑक्टोबर १९५५ रोजी निर्णायक सातव्या सामन्यात डॉजर्सनी यांकीजना २-० असे हरवले. जॉनी पॉड्रेस हा अवघ्या २३ वर्षांचा पिचर, म्हणजे आपल्याकडच्या गोलंदाजासारखा चेंडू टाकणारा, पूर्ण सामना खेळला आणि त्याने समोरच्यांना एकही धाव घेऊ दिली नाही. ब्रुकलिनला मिळालेले हे पहिले विजेतेपद, आणि शेवटचेसुद्धा!

या विजेत्या संघाची त्या वर्षीची कार्डे जमवायची तर दोन कंपन्यांची पाकिटे घ्यावी लागत. टॉप्सची प्रतिस्पर्धी बाऊमन ही कंपनीही खेळाडूंशी करार करत असे. जॅकी रॉबिन्सन, ड्यूक स्नायडर, गिल हॉजेस, पॉड्रेस टॉप्सकडे, तर कर्णधार पी वी रीस आणि कॅचर रॉय कॅम्पानेला बाऊमनकडे. (कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा.) त्या वर्षीच्या बाऊमनच्या कार्डांवर खेळाडू टीव्हीच्या लाकडी चौकटीत दाखवले होते, कारण घरोघरी टीव्ही येण्याचा तो काळ होता. १९५६ साली टॉप्सने बाऊमन विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या संचात १६६ क्रमांकाचे कार्ड आले. त्यावर संपूर्ण ब्रुकलिन संघ रांगेत आहे.

मागची बाजू कशी वाचावी?

कार्डाची पुढची बाजू सगळेच पाहतात. गोडी लागते ती मागच्या बाजूची. अमेरिकेतील कितीतरी मुले दशांश अपूर्णांक या कार्डांवरून शिकली.

जॅकी रॉबिन्सनचे १९४९ चे आकडे पाहू. त्याने ५९३ वेळा फलंदाजी केली आणि २०३ वेळा चेंडू यशस्वीपणे टोलवून तळ गाठला. २०३ ला ५९३ ने भागा. उत्तर येते ०.३४२. हीच त्याची बेसबॉलमधील सरासरी. क्रिकेटमध्ये आपण एकूण धावांना बाद झालेल्या डावांनी भागतो, इथे यशस्वी टोल्यांना प्रयत्नांनी भागायचे. बेसबॉलमध्ये ०.३०० सरासरी असलेला फलंदाज उत्तम मानतात. म्हणजे दहापैकी सात वेळा अपयश आले तरी तो खेळाडू उत्तमच! गणिताच्या पेपरानंतर तोंड पाडून बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पण कार्डावर सगळे मावत नाही. रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी मैदानात उतरला. त्याआधी कित्येक दशके अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना जागा नव्हती. त्याला शिव्या खाव्या लागल्या, धमकीची पत्रे आली. १९५२ च्या कार्डावर तो लाल पार्श्वभूमीवर प्रसन्न हसतो आहे. त्या हसण्यामागे काय होते, हे घरातल्या मोठ्या माणसाने सांगितले तरच मुलाला कळणार. कार्ड हे बोलण्याचे निमित्त असते.

ज्यांची कार्डे निघाली नाहीत

रॉबिन्सनच्या आधी कृष्णवर्णीय खेळाडूंची स्वतंत्र निग्रो लीग होती. तिथे जॉश गिब्सन नावाचा जबरदस्त फलंदाज खेळत असे. जानेवारी १९४७ मध्ये, म्हणजे रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या तीन महिने आधी, तो वारला. तेव्हा त्याचे वय होते ३५. अमेरिकेतील च्युइंगमच्या पाकिटात त्याच्या हयातीत त्याचे कार्ड कधी आले नाही. म्हणून लाखो मुलांना त्याचे नावही ठाऊक झाले नाही.

त्याच्यासारख्या खेळाडूंची कार्डे पुढे स्मरणसंच म्हणून निघाली. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या बेसबॉल मंडळाने १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला, आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य नोंदींत मिळवले. तेव्हा गिब्सनची कारकिर्दीची सरासरी ०.३७२ ठरली आणि टाय कॉबचा ०.३६७ चा कितीतरी वर्षांचा उच्चांक मागे पडला. हे आकडे जुळवण्यासाठी संशोधकांनी जुन्या वर्तमानपत्रांतील धावफलक एकेक करून शोधले. ज्याची नोंद वेळेवर झाली नाही, त्याला न्याय मिळायला ७७ वर्षे लागली.

शिवाय छापले म्हणजे खरे, असेही समजू नये. १९५३ च्या कार्डावर सॅचेल पेज या नामवंत पिचरच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग चुकले आहे. १९५७ च्या कार्डावर हँक आरन डावखुरा दिसतो, कारण चित्र छापताना उलटे झाले. प्रत्यक्षात तो उजव्या हाताने खेळे.

संघ गेला, मैदान गेले

१९५५ च्या आनंदाला जेमतेम दोन वर्षे झाली आणि ब्रुकलिनवर आघात झाला. मालक वॉल्टर ओमॅली यांना नवे मैदान हवे होते. जागेवरून शहरातील अधिकाऱ्यांशी त्यांचे जुळले नाही. लॉस एंजेलिस शहर जागा द्यायला तयार होते. १९५७ चा हंगाम संपला आणि संघ देशाच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे चार हजार किलोमीटर दूर निघून गेला. १९५८ च्या कार्डांवर 'ब्रुकलिन' हा शब्द नव्हता, तिथे 'लॉस एंजेलिस' आले होते. फेब्रुवारी १९६० मध्ये एबेट्स फील्ड पाडायला सुरुवात झाली. भिंती पाडणारा लोखंडी गोळा बेसबॉलच्या चेंडूसारखा रंगवला होता. त्या जागी आता राहत्या इमारती आहेत.

कॅम्पानेला नव्या शहरात खेळू शकला नाही. जानेवारी १९५८ मध्ये मोटार अपघातात त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि तो कायमचा चाकांच्या खुर्चीवर आला. १९५९ च्या संचात टॉप्सने ५५० क्रमांकाचे कार्ड त्याला दिले. चित्रात तो खुर्चीवर बसलेला आहे आणि कार्डाचे शीर्षक आहे 'धैर्याचे प्रतीक'. जो आता खेळत नाही, त्याचेही कार्ड काढावे असे कंपनीला वाटले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पुढे १९९५ साली, विजयाला चाळीस वर्षे झाली तेव्हा, टॉप्सने केवळ ब्रुकलिन डॉजर्सचा १६५ कार्डांचा स्मरणसंच काढला. त्यात १९५२ ते १९५६ या काळातील कार्डे नव्याने छापली होती. ब्रुकलिनमध्ये तोवर ना संघ होता, ना मैदान. तरी एखाद्या आजोबांना तो संच नातवापुढे मांडता येत होता. हा पहिल्या क्रमांकाचा पॅफ्को, हा रॉबिन्सन, हा आमचा कर्णधार रीस, असे एकेक पान दाखवता येत होते.

पालकांसाठी दोन शब्द

लिलावाच्या बातम्या वाचून 'जमवा आणि श्रीमंत व्हा' असा अर्थ कुणी काढू नये. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हजारो कुटुंबांनी तसा अर्थ काढला आणि खोक्यांनी कार्डे घेऊन माळ्यावर ठेवली. कंपन्यांनीही बेसुमार छापली. सगळ्यांनीच जपून ठेवल्यामुळे त्यांतल्या बहुतेक कार्डांना आजही फारशी किंमत नाही. जुन्या कार्डांना मोल आले, कारण मुलांनी ती मनसोक्त हाताळली, हरवली, फाडली आणि थोडीच उरली.

जपण्याचा खरा नमुना जेफरसन बर्डिक यांचा. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज गावी ते विजेच्या वस्तूंच्या कारखान्यात काम करत. संधिवाताने बोटे वाकडी झालेली. तरी त्यांनी तीस हजारांहून अधिक बेसबॉल कार्डे जमवली, त्यांची सूची केली आणि सगळा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कला संग्रहालयाला देऊन टाकला. कित्येक वर्षे स्वतः तिथे बसून ती कार्डे वह्यांत चिकटवली. १९६३ च्या जानेवारीत काम संपले आणि मार्चमध्ये ते वारले. कार्डांना आज जे सांकेतिक क्रमांक वापरतात, त्यांतले अनेक त्यांच्याच सूचीतले आहेत.

आणि आपला संघ?

ब्रुकलिनसारखीच गोष्ट आपल्या इंदुरात घडली आहे. रणजी करंडकात होळकरांचा संघ खेळत असे. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा तो विजेता ठरला. कर्णल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे हे या संघाचे खेळाडू. १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या, आणि त्या एका डावात सहा शतके झाली! भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंह १००. यांतली चार आडनावे आपल्या शाळेच्या हजेरीपटावर शोभतील अशी आहेत.

संस्थाने गेली. १९५४-५५ च्या हंगामानंतर होळकर संघ मिटला आणि त्याची जागा मध्य भारताच्या संघाने घेतली. स्टेडियमला होळकर नाव आहे, पण तो संघ पाहिलेली माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली असतील. आपल्यापैकी किती जणांना ही सहा नावे सांगता येतील?

तेव्हा मित्रहो, एक काम करू या. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घ्या आणि अडीच बाय साडेतीन इंचांचे तुकडे कापा. प्रत्येकाने होळकर संघाचा एक खेळाडू निवडावा. पुढे चित्र स्वतः काढावे. मागे जन्मसाल, जन्मगाव, तो काय करी (फलंदाज की गोलंदाज) आणि एका सामन्याचे आकडे लिहावेत. आकडा दोन ठिकाणी सारखा सापडला तरच लिहावा. सापडला नाही तर जागा कोरी ठेवावी, पुढच्या वर्षीचा विद्यार्थी ती भरील. आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी त्यांना एकदा विचारावे, "तुम्ही यांना खेळताना पाहिले होते का? कुणाकडून काही ऐकले होते का?" जे ऐकाल ते त्याच दिवशी वहीत उतरवा. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख टाकायला विसरू नका.

कार्डे तयार झाली की वाचनालयात आणून द्या. क्रमाने लावून ठेवू. फक्त त्यांना रबरबँड लावू नका, नाहीतर पहिल्या कार्डाचे काय होते ते तुम्हाला आता ठाऊक आहेच!